अजिबात न तापणारा ट्रान्सफॉर्मर

"चार वाजता मुख्याध्यापिका बाई येणार आहेत," शिलाई मशीनवरची मान वर न करता काकू म्हणाल्या. "त्याच्या आत हे फडताळ रिकामं झालं पाहिजे. नाहीतर त्या लोखंडासोबत तुम्हालाही जिन्यात नेऊन ठेवीन."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आणि सगळ्या इमारतीत 'व्होल्टकाका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने फडताळाकडे पाहिलं. बाकीचं सामान आठवडाभरात भंगारात गेलं होतं. उरला होता एक विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, घरातली वीज बारा व्होल्टपर्यंत उतरवणारा. भंगारवाला तो फोडून आतलं तांबं काढेल, हे काकांना बघवणार नव्हतं. म्हणून त्यांनी जाहिरात दिली होती: 'वापरलेला, उत्तम स्थितीतला. हौशी माणसाच्याच हाती जावा.'

काकूंचं मात्र तीन वर्षांचं स्वप्न टांगणीला लागलं होतं. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं, तर कापडाचे तागे याच फडताळात राहणार होते. आणि या मुख्याध्यापिका बाई मोठ्या कडक. गेल्या वर्षी त्यांनी एका शिंप्याच्या दाराची बेल दोनदा वाजवली, कोणी आलं नाही म्हणून तशाच माघारी फिरल्या. ते काम गेलं ते गेलंच.

दोन वाजता गिऱ्हाईक आलं. गृहस्थ नोकरीला बँकेत, पण जीव सगळा घरी अँप्लिफायर बनवण्यात.

"चालतो ना?" त्यांनी विचारलं.

"चालतो म्हणजे? बघाच!" म्हणत काकांनी वायरी जोडल्या आणि मीटर लावला. काटा ढिम्म. काकांनी मीटरला टिचकी मारली, वायरी बदलल्या, फुंकर घातली. काटा काही हलेना.

"आतली तार तुटलेली दिसते," बँकवाले हळूच म्हणाले.

काकांचे कान लाल झाले. उभ्या नोकरीत त्यांनी बंद लाइनला चालू म्हटलं नव्हतं, आणि हा भला माणूस दोन बस बदलून आला होता. ते तडक उठून त्याला दाराशी घेऊन गेले. दाराच्या वर, आतल्या भिंतीवर, तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता.

"हा त्याचाच जोडीदार. आमची बेल यावर चालते. अकरा वर्षं झाली, दिवसरात्र. दाबा."

ट्रिंग!

"आता स्टुलावर चढा आणि हात लावा."

बँकवाल्यांनी पंजा टेकवला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अहो, थंडगार आहे! अजिबात तापत नाही?"

"अजिबात नाही."

"काका, हाच देता का?"

काकांच्या छातीत एकदम हवा भरली. फडताळातला तासाभरात दुरुस्त करून इथे लावू, असा त्यांनी हिशेब केला आणि मेन स्विच बंद केला. आतलं मशीन थांबलं.

"अहो, लाइट गेली का?"

"दोनच मिनिटं!"

स्क्रू निघाले, धूळ पुसली गेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर छातीशी धरून बँकवाले जिना उतरले. काकांनी घाईघाईने फडताळातला उघडून पाहिला. आतलं तारेचं सगळं वाइंडिंग जळून काळंठिक्कर पडलं होतं. हे काम तासाचं नव्हतं, आठवड्याचं होतं.

साडेतीन वाजले होते. बेल विकली, हे काकूंना आज सांगण्यापेक्षा जिन्यात राहायला जाणं सोपं होतं. काकांनी स्टूल दाराशी ओढलं आणि कान देऊन बसले. पावलं वाजली की दार उघडायचं, बाईंना बेल दाबायची वेळच येऊ द्यायची नाही!

पहिली पावलं वाजली. काकांनी दार धाडकन उघडलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी किंचाळल्या, त्यांच्या पिशवीतले बटाटे जिन्यावरून गडगडत गेले.

"काय हो काका!"

"काही नाही, जरा वारा घेतोय."

दुसरी पावलं कुरियरवाल्याची निघाली. तो समोरच्या घरी निघाला होता, पण इतक्या तत्परतेने दार उघडणारा माणूस पाहून त्याने पार्सल काकांच्याच हातात कोंबलं. तिसऱ्यांदा पुन्हा वहिनीच, उरलेले बटाटे शोधत आलेल्या.

"काकू," त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "काकांची तब्येत बरी आहे ना?"

काकू बाहेर आल्या. "असे दाराला काय चिकटलात? नाकाला काळं लागलंय. जा, तोंड धुवा, शर्ट बदला."

"पण दार..."

"दाराला बेल आहे."

काकांनी स्टूल बाजूला सरकवलं. ते न्हाणीघरात गेले. तोंडाला साबण लावला. बाई आल्या असतील, एकदा दाबलं असेल, दोनदा दाबलं असेल, माघारी वळल्या असतील. तीन वर्षं बिचारी वाट बघत होती आणि आपण दोन कौतुकाच्या शब्दांसाठी तिची बेल विकली. काकांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात बाहेर वाजलं, ट्रिंग!

काका साबणासकट बाहेर धावले. मुख्याध्यापिका बाई आत येत होत्या. "एका बेलला दार उघडलं," त्या काकूंना म्हणाल्या. "कामात मला हेच आवडतं."

काका दारावरच्या चार भोकांकडे आणि लोंबणाऱ्या वायरींकडे बघत राहिले.

तासाभराने बाई काम देऊन गेल्या, तेव्हा काकांनी विचारलं, "अगं, बेल वाजली कशी?"

"दाबली म्हणून."

"पण तिथे ट्रान्सफॉर्मर नाहीये!"

काकूंनी आत्ता कुठे वर पाहिलं. "विकलात?" आणि मग त्या थोड्या ओशाळल्या. "सहा वर्षांपूर्वी तुम्ही गुडघ्यासाठी दवाखान्यात होतात ना, तेव्हा मी वायरमनकडून बॅटरीच्या सेलवर चालणारी बेल बसवून घेतली. तो ट्रान्सफॉर्मर रात्रभर घूं घूं करायचा हो. आतून वीज तोडली आणि वायरी दिसायला तशाच ठेवल्या."

"सहा वर्षं बोलली नाहीस?"

"येताजाता त्याच्याकडे बघून खूश व्हायचात. म्हटलं, असू दे. भिंतीला कुठे जड झालाय?"

फोन वाजला. बँकवाले होते. "काका, झकास चालतोय. पण एक शंका आहे. तुमच्याकडे तो अजिबात तापत नव्हता, माझ्याकडे कोमट होतोय. माझं काय चुकतंय?"

काकांनी सरळ सांगून टाकलं. "तुमचं काही चुकत नाहीये. तो सहा वर्षं बंद होता. आम्हालाही आत्ताच कळलं. पाहिजे तर परत आणा."

"म्हणजे निम्माच वापरलेला मिळाला की!" म्हणत बँकवाले खूश होऊन हसले.

काकांनी फोन ठेवला. काकूंनी फडताळातला जळका ट्रान्सफॉर्मर उचलून त्यांच्या हातात दिला. "ती भोकं वाईट दिसतात. हा लावून टाका तिथे. माझं फडताळही रिकामं होईल."

दुसऱ्या दिवशी वहिनी शिवायला कापड घेऊन आल्या. दारावर घासूनपुसून लावलेला ट्रान्सफॉर्मर त्यांना दिसला. "नवा बसवलात का काका?"

काकांनी तोंड उघडायच्या आत मशीनवरून काकू म्हणाल्या, "हात लावून बघा ना. अजिबात तापत नाही."