भोयरमास्तरांचे नापास खांब

दिवेलागणीला हुडकेश्वरच्या आमच्या लेआउट वसाहतीत एखादा सभ्य गृहस्थ रस्त्याच्या दिव्याखाली उभा राहून आधी हसताना आणि मग डोळे वटारताना दिसला, तर घाबरू नका. तो बहुधा मीच असतो. थोड्या अंतरावर आमचे शेजारी भोयरमास्तर डोळे रोखून उभे असतात.

"हास गा मोहन. आता राग आण. आता काय करून राहिला?"

"काही नाही मास्तर, माझा चेहराच असा आहे."

"मंग खांब नापास!"

मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायची खोड काही गेली नाही. त्यांच्या मोबाइलवर एक नकाशा आहे. त्यात कोणीही भर घालावी, कोणीही दुरुस्ती करावी. मास्तर त्यात आमच्या भागातल्या रस्त्यांचा उजेड नोंदवतात. समोरचा हसतोय की रागावलाय ते कळलं, तर खांब पास. नुसता माणूस आहे एवढंच कळलं, तर नापास.

एकदा मंगल कार्यालयासमोरच्या खांबाला त्यांनी पहिला नंबर देऊन टाकला. लग्नाची रोषणाई उतरल्यावर कळलं, खांबावरचा दिवा कधीचाच गेलेला. मास्तरांना ते फार लागलं. "कॉपी केली गा त्या खांबानं!" म्हणत दिवसभर फिरले.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोणा धरमपेठकराने नकाशात देवळाच्या गल्लीपुढे 'उत्तम उजेड' असं लिहिलं. "धरमपेठेत बसून याले हुडकेश्वरचा उजेड दिसून राहिला काय?" मास्तर कडाडले आणि त्यांनी ती नोंद खोडली. त्याने पुन्हा लिहिली, यांनी पुन्हा खोडली. आठवडाभर दोघांचं हेच चाललं होतं.

शेवटी मी वैतागलो. "मास्तर, दिवा लागतो की नाही तेवढं लिहा ना. चेहरे कशाला?"

मास्तरांनी मोबाइल खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुह्या काकूले संध्याकायी चेहरे दिसत नाही गा. बाया समोरून हासत येतेत, हे तशीच निघून जाते. त्याइले वाटते, मास्तरीण लय घमंडी झाली. तिनं भजनाले जाणंच सोडलं."

मला फार वाईट वाटलं. पुढे मी न कुरकुरता हसलो, रागावलो.

परवा मास्तर काकूंचा हात धरून देवळात भजनाला निघाले. देऊळ तसं जवळच, पण पास झालेले खांब गाठत गाठत त्यांनी लांबचा वळसा धरला. वाटेत एका खांबाखाली मी उभा होतो. एरवी कोणी समोर आलं की मास्तर काकूंच्या कानात त्याचं नाव सांगतात. त्या दिवशी ते ओठ घट्ट मिटून उभे राहिले. मी हसलो.

काकू थांबल्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"अगा मोहन! काहून हासून राहिला गा?"

 वर्गातल्या पोराची थोपटावी तशी मास्तरांनी त्या खांबाची पाठ थोपटली. मग काकूंचा हात सोडला आणि त्यांना पुढे चालू दिलं.