विहीणबाईंसाठी बसवलेला नळ

"विहीणबाईंना नुसता नळ दाखवायचा, बस्स! होकार देऊनच उठतील!" लालासाहेबांनी घरात सगळ्यांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

लढाई नुकतीच संपली होती. थोरला मुलगा हंबीरराव पलटणीतून रजेवर सांगलीला आला होता आणि रजा संपायच्या आत त्याचं लग्न उरकायचं होतं. मुलगी म्हसवडची. तिची आई, हरणाबाई, आज घर बघायला येणार होती. बाईंची अट एकच, "माझी लेक पाण्यासाठी वणवण फिरायची न्हाई." उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं घागर भरणाऱ्या बाई त्या, त्यांचं काय चुकलं?

आणि लालासाहेबांचा जुना नळ तर नुसता ठिबकत असे. म्हणून त्यांनी पेठेतल्या तात्या फिटरला बोलावलं. तात्यानं जुना नळ काढला, नव्याच्या आट्यांना सूत गुंडाळलं, सफेदा फासला आणि पान्यानं तो पितळी नळ करकचून आवळला. चावी फिरवली मात्र, मनगटाएवढी धार! सगळं घर आ वासून बघत राहिलं. लालासाहेबांनी तर नकळत हातच जोडले.

"पाइप जुनाट हाय बरं का," तात्या म्हणाला. "दणका सोसायचा न्हाई."

तेवढ्यात हरणाबाई दारात! लालासाहेबांच्या अंगात वारंच शिरलं. "थांबा विहीणबाई! पूजा झाल्याबिगर थेंब वापरायचा न्हाई!"

लालासाहेबांच्या पत्नी राहीबाईंनी नळाला हळदकुंकू लावलं, हार घातला. लालासाहेबांनी नारळ उचलला.

"आवं, खाली दगडावर फोडा!" तात्या ओरडला.

"गड्या, गुऱ्हाळाच्या चरकावर फोडतो आमी! ह्यो तर पितळंचा हाय!"

धाड! नारळाला साधा तडा नाही, आणि नळ मात्र हारासकट मोरीत! पाइपातून असा फवारा उसळला की लालासाहेबांचा फेटा वाहून गेला आणि समोर उभ्या हरणाबाई डोक्यापासून पायापर्यंत निथळू लागल्या.

"बंद करा! तात्या, बंद कर रं!"

"मोठी चावी पार रस्त्याच्या टोकाला हाय, जातो!" म्हणत तात्या पळाला.

लालासाहेबांनी दोन्ही हातांनी पाइप दाबला. पाणी बोटांतून जास्तच उडालं. संपलं सगळं! बाई आता ओल्या लुगड्यानिशी म्हसवडची वाट धरणार आणि पोरगा बिनलग्नाचा पलटणीत जाणार!

"सरा बाजूला!" हरणाबाई गरजल्या. लालासाहेब घाबरून सरले. बाईंनी पायातल्या वहाणा काढल्या, भिंतीतून कोसळणाऱ्या त्या पाण्यापुढं पदर पसरला. डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या होत्या. "एवढं पाणी... आन् दोर न्हाई, घागर न्हाई!" मग त्या ओंजळीवर ओंजळ पीतच राहिल्या.

लालासाहेबांनाही त्या वेळी आपण कुणी फार भाग्यवान असल्यासारखं वाटलं.

शेवटी बाईंनी तोंड पुसलं. "पाव्हणं, पोरगी दिली!"

"मग येत्या सोमवारीच बार उडवू!"

"आँ? सोमवारी? लगीन लागलं की लेकीच्या घरचं पाणी मला वर्ज्य! नातू होईस्तवर घोट बी घ्यायचा न्हाई." बाईंनी पुन्हा ओंजळ धरली. "लगीन फुडच्या रजेला करू. तवर मी येत जाईन की, प्यायला!"