अकरा जणांची हजेरी

साळवेअण्णा रोज सकाळी कॉम्प्युटरची हजेरी घेत. दिल्लीगेटजवळ एका जिन्याखाली त्यांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देण्याचं, दुकान होतं. दारात चपला काढायच्या, पडद्यावरची धूळ पुसायची आणि उभ्यानंच मोठ्यानं नाव घ्यायचं, "लक्ष्मण." मग त्या नावाची फाईल उघडून पहिलं पान बघायचं, शेवटचं पान बघायचं. "हजर. कासम." असे अकरा जण होईपर्यंत गिऱ्हाईक बाकावर बसून असे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत भूगोल शिकवत होतो आणि पारनेर तालुक्यातल्या विहिरींवर एक पुस्तक लिहून बसलो होतो. ते लावायला अण्णांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रकरनं किती?"

"दहा."

"एक वाढवा की, सर. अकरा लई बरं पडतं."

कुणाला बरं पडतं, ते सांगेनात. चौकशी हा माझा जुना आजार, म्हणून इतरांना विचारलं. एका कवीच्या कवितांचेही त्यांनी अकरा ढीग केले होते. साखर कारखान्याचा वार्षिक अहवालसुद्धा अकरा तुकड्यांत गेला होता. तेव्हा मीही मोटेच्या प्रकरणातून दोराचं वेगळं प्रकरण काढलं. ते सातवं झालं.

अण्णांची पद्धत अशी : प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल आणि सगळ्यांची मिळून एक यादी. यादीत जो क्रम, तोच पुस्तकात. पानांचे आकडे कॉम्प्युटर आपले आपण पुढे टाकत जातो. इथवर ठीक होतं. पण फायलींना एक, दोन, तीन म्हणायचं सोडून हे माणसांची नावं देत. पुस्तक कुठलंही असो, नावं तीच आणि ओळही तीच. फाईलच्या नावाला तेव्हा इंग्रजी आठच अक्षरं चालत, ज्ञानेश्वर काही त्यांत मावेना, म्हणून त्याचा नुसता माउली केला होता.

"नंबर का देत नाही, अण्णा?"

"प्रकरन मागंपुढं झालं का नंबर खोटा पडतो, सर. मानसाचं नाव कुटंबी बसवा, खरंच ऱ्हातं."

उत्तर बिनतोड होतं, तरी माझं समाधान झालं नाही. मजुरीशिवाय ते प्रत्येक पुस्तकाच्या अकरा प्रती मागून घेत, हेही मला खटकत होतं. त्यांतल्या दहा कुठंतरी जात आणि एक वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर राही. फळीवर अशी पंधरा-वीस पुडकी होती. मी एकदा हात लावायला गेलो तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्याची हायेत."

पुस्तक जवळपास लागून झालं, तेव्हा मी सगळं सलग वाचलं. सातवं प्रकरण म्हणजे नुसतं पाणी घालून वाढवलेलं होतं. मी अण्णांना म्हणालो, "हे काढून टाकू."

त्यांचा माऊसवरचा हात थांबला. "बबनला काढायचं?"

"दोराला काढायचं हो. बबन कोण?"

अण्णांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "टाइपाच्या छापखान्यात आमी बारा जन जुळारी हुतो, सर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. फोरमन सकाळी ह्याच ओळीनं हजेरी घ्यायचा. मालकांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तवा मला शिकायला धाडलं. शिकून आलो तर म्हनले, आता कोन कोन नको, त्याची यादी तूच दे."

"मग?"

"दिली. अकरा नावं लिवली. बबन सोळा वर्सं माझ्या शेजारी उबा ऱ्हायचा. त्याचं नाव लिवताना अक्षरसुदिक हाललं न्हाई माझं."

बाकीचे दहा जण पुढे अण्णांशी बोलू लागले होते, आपापली प्रत घेत होते. फळीवरची पुडकी बबनची. तो नागापूरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. अण्णा दिसले की तो उठून आत जाई. "येकदा काडलंय त्याला. दुसऱ्यांदा माझ्या हातनं व्हनार न्हाई," अण्णा म्हणाले. इतके दिवस मी या माणसाची गंमत करत होतो, त्याची मला लाज वाटली. सातवं प्रकरण मी ठेवलं. दोन रविवार म्हाताऱ्या दोरवाल्यांकडे बसून ते नव्यानं लिहिलं.

पुस्तक छापून आलं आणि मी अण्णांना स्कूटरवर घालून नागापूरला नेलं. गेटवर खाकी कपड्यातला एक बारीक माणूस स्टुलावर बसला होता. अण्णांना बघताच तो उठला. मी घाईनं आडवा गेलो. "बबनराव, पुस्तक माझं आहे. पण ह्यातलं सातवं प्रकरण अण्णांकडे तुमच्या नावानं आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढला. सातवं प्रकरण उघडून पान उजेडाकडे तिरपं धरलं आणि ओळींवरून नख फिरवत गेला. अण्णा स्कूटरजवळच उभे होते.

"तिसरी ओळ सैल पडलीय, शब्दांत फटी हायेत," तो पुस्तकाकडेच बघत म्हणाला.

"व्हय," अण्णांचा आवाज आला. "मशीन करतंय तसं."

"मशीनला काय कळतंय. जुळारी कोन हाय?"

"मी."

"मंग घट्ट कर की." एवढं बोलून तो पुस्तक घेऊन आत गेला.

परतताना आम्ही शहर ओलांडून पार केडगावपर्यंत गेलो. अण्णांना दुकानाशी उतरवायचं होतं, पण मला थांबायचं सुचलं नाही आणि त्यांनाही थांबवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दुकानात गेलो. हजेरी चालू होती. सहा जण झाले. "बबन," अण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. पुस्तक छापून, बांधून, वाटून झालं होतं. आता ती ओळ सुधारून कुणालाच उपयोग नव्हता. अण्णांनी चष्मा पुसला, तिसरी ओळ शब्दाशब्दानं घट्ट केली, पान पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हजर."