भुऱ्याचा श्रावण

हाक मारली की आमच्या भुऱ्यानं यायला शिकावं, एवढंच मी ठरवलं होतं. (मी नारायणगावच्या एका शाळेत क्लार्क. तिथं शिपाईसुद्धा माझ्या हाकेला येत नाही, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.)

पण करणार काय? येडगावात आमचं घर उसाच्या मधोमध. गेल्या महिन्यात शेजारच्या यमाजीचा कुत्रा बिबट्यानं अंगणातून उचलला. दिवस मावळायच्या आत भुऱ्या घरात हवाच, आणि हा पठ्ठ्या तिन्हीसांजेला बांधावर घुशींची बिळं उकरत बसणार!

मोबाईलवर व्हिडिओ बघितले. लांब दोरी बांधायची, आनंदानं हाक मारायची, आला की लगेच खाऊ. उशिरा आला तरी रागवायचं नाही. खाऊ म्हणून भाजलेला सुका बोंबील. एक तुकडा त्याला, एक मला. (वास आवरत नाही हो!) पंधरा दिवसांत "भुऱ्या, ये!" म्हटलं की गडी चौखूर उधळत यायला लागला. दोरीसुद्धा सोडली.

आणि श्रावण लागला.

बायकोनं, म्हणजे वृषालीनं, घर धुऊन काढलं आणि बोंबलाचा डबा यमाजीकडं पोचता केला. मी निमूटपणे राजगिऱ्याच्या लाडवावर आलो. भुऱ्यानं लाडू हुंगला, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला. मग साबुदाणा, भगर, केळं... सगळे उपास मी त्याला घडवले. एकही पावला नाही.

सोमवारी दिवस कलताना यमाजी ओरडत आला. "सोपानभाऊ, उसाच्या कडंला ताजं ठसं हायेत! कुत्रं आत घ्या!"

भुऱ्या नेमका तिथंच. "भुऱ्या, ये! ये रे माझ्या राजा!" त्यानं मान वर केली, शेपूट हलवली आणि उसात शिरला. ओरडून ओरडून घसा बसला, तसा मी बांधावर मटकन बसलो. गेलं कुत्रं! माझ्या लाडवांनी घात केला त्याचा.

शेवटी लाज सोडली. "यमाजी, तो डबा आण!"

"श्रावणात? आवो भाऊ, वैनी काय म्हनतीन?"

"पाप माझ्या डोक्यावर. पळ!"

मूठभर बोंबील हातात घेऊन फाटक्या आवाजात हाक दिली. ऊस सळसळला आणि भुऱ्या तीरासारखा बाहेर आला. तेवढ्यात दारातून वृषाली कडाडली, "अहो, आधी घरात या!"

मी धूम पळालो. माझ्या मुठीमागं भुऱ्या. दार लागलं. वृषालीनं नाक उडवत माझी मूठ उघडली.

"याच्या जीवासाठी गं," मी रडकुंडीला आलो. "श्रावण मोडला..."

"अगंबाई! कुत्र्याला कसला आलाय श्रावण? मला इचारायचं तरी!"

"मग डबा का दिलास?"

"तुमच्यापायी! घरात डबा असता तर तुमी महिनाभर दम काढला असता व्हय?"

तिनं सगळे तुकडे भुऱ्याला घातले. मी हळूच म्हणालो, "पहिल्या हाकेला मीपण आलोच की."

"तुमाला कशाला खाऊ? तुमी वीस वर्षं नुसत्या हाकंवर येताय."

भुऱ्यानं मिशा चाटत माझ्याकडं बघितलं. लाडू हुंगून बघितलं होतं, अगदी तसंच.