बाबलतात्यांचे डावरे नायक

टीव्हीवाले जुने सिनेमे उलटे करून दाखवतात, असं बाबलतात्यांचं ठाम मत होतं. उलटे म्हणजे डोकं खाली आणि पाय वर असे नव्हेत. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

"मास्तर, ह्या पिक्चराचो हिरो डावरो होतो," ते पडद्याकडे बोट रोखून सांगत. "डाव्या हातान जेवी, डाव्या हातान सही करी, कानफटात मारी ती पण डाव्यान. मी ह्या डोळ्यांनी बघलंय. आता बघा, मेल्यांनी तेका उजवो करून ठेवलो."

मी एकदा हळूच विचारलं, "तात्या, पण सगळ्याच सिनेमांतले सगळेच नायक डावरे कसे असतील?"

"तेवाचे लोकच येगळे होते," तात्या म्हणाले आणि विषय संपला.

तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मालवण स्टँडवरच होता. टीव्हीवरून भरून ठेवलेला सिनेमा सुरू करताना ते आधी तोंडाने "टिंग टिंग" म्हणत आणि मग रिमोटचं बटण दाबत. मध्येच उठायचं झालं तर एकदाच "टिंग". नायक-नायिका झाडांभोवती रेंगाळायला लागली की तात्यांना राहवत नसे. "चला, फुडे सरका! फुडे जागा आसा!" असं ते दोघांनाही बजावत.

त्यांची मतं अशीच कुठून कुठे जात. पहिल्याच प्रसंगात नायकाची आई खोकली की ते म्हणत, "गेली ही. मध्यंतराची चाय पण नशिबात नाय हिच्या." श्रीमंताच्या बंगल्यातला तो दोन बाजूंनी उतरणारा जिना दिसला की त्यांना संताप येई. "एकाच घरात दोन जिने कित्याक व्हये? नवरा-बायको भांडली काय?" आणि नायिका दार सताड उघडं टाकून बागेत गाणं म्हणायला गेली, की गाणं संपेपर्यंत त्यांचा जीव त्या दारात अडकलेला असे. "आधी कडी घाल गो! मगे गा काय ता!"

मी शाळेत मराठी शिकवलं. सिनेमा हा माझा विषय नव्हे. माझी पत्नी गेली, दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि त्याच आठवड्यात तात्या माझ्या दारात येऊन उभे राहिले. सांत्वनाचा एक शब्द न बोलता म्हणाले, "मास्तर, माका पिक्चर बघूक वांगडी व्हयो, सोबतीक कोणतरी. आमची ही दुपारची निजता." तेव्हापासून दुपारी मी त्यांच्या पडवीत बसू लागलो.

बसत होतो, पण निवांत कधी बसलो नाही. त्याचं कारण पडवीच्या पलीकडे होतं. तिथे एक गडगा होता, आमच्याकडे चिऱ्या-दगडांची रचून करतात तशी कमरेएवढी भिंत; आणि गडग्याच्या पलीकडे तात्यांचे सख्खे थोरले भाऊ अण्णा राहत होते. एका पावसाळ्यात तो गडगा ढासळला आणि अण्णांनी तो पुन्हा रचून घेतला. रचताना वीतभर तात्यांच्या अंगणात सरकवला, असं तात्यांचं म्हणणं. सरकवला नाही, या खेपेला दगड मोठे मिळाले, असं अण्णांचं म्हणणं. त्या वितीवरून दोघे कोर्टात गेले. त्याआधी एकदा दोघांच्या हातात कोयते आलेले मी स्वतः पाहिले आहेत. ते निस्तरल्यावर दोघांमधलं बोलणं जे बंद झालं ते बंदच राहिलं. मधल्या काळात अण्णांची बायको गेली, तेव्हा तात्या खांदा द्यायला गेले आणि एक अक्षर न बोलता परत आले. पुढे काचबिंदूने अण्णांची नजर गेली. त्याबद्दल तात्या माझ्यापाशी एवढंच म्हणाले होते, "म्हातारपण कोणाक चुकला नाय."

अशा गडग्याला लागून असलेल्या पडवीत तात्यांनी टीव्ही आणून ठेवला होता आणि आवाज शेवटपर्यंत वाढवलेला असे. खाऱ्या वाऱ्याने टीव्ही सडेल, असं त्यांची बायको शालिनीकाकी रोज सांगे. मला त्याहून मोठी भीती होती. पलीकडून आज ना उद्या दगड येणार, असं मला रोज वाटे.

त्यात तात्यांना आणखी एक खोड होती. पडद्यावर जे दिसतंय तेच ते पुन्हा ओरडून सांगत.

"जिन्यावरसून खाली येता ती! साडी नेसलेली आसा! हातात पत्र! रडता! आता भुतूर कोणतरी इलो... काळो कोट... मिशी! पिस्तूल काढल्यान रे, पिस्तूल! उजव्या खिशातसून! डाव्यातसून काढी होतो, मेल्यांनी उजवो केल्यानी!"

मी शेजारीच, हातभर अंतरावर. कानठळ्या बसत.

आणि मग ज्याची मला धास्ती, तो आवाज गडग्यापलीकडून येई. अण्णा आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसलेले असत. पायाशी त्यांचा कुत्रा, टायगर. अण्णा तात्यांशी बोलत नसत. ते टायगरशी बोलत.

"टायगर, त्या येड्याक सांग, पत्र वाचताना ती साडी नेसाक नाय. परकर-पोलक्यात आसा. साडीत येता ती लग्नानंतर."

तात्यांची मान ताठ होई. ते गडग्याकडे बघत नसत. माझ्याकडे वळून, पण सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मास्तर, काय काय लोकांका लग्नाआधीचा नि नंतरचा काय कळणाच नाय!"

लेकी बोले सुने लागे, तसला हा प्रकार. त्यात माझं आणि टायगरचं काम एकच होतं. तो कधी कधी शेपटी तरी हलवी. मी दोन्ही हात मांडीवर घेऊन, आता काय होणार, म्हणून बसलेला असे.

डाव्या-उजव्याचा उलगडा अशाच एका दुपारी झाला. तात्या नायकाच्या डावरेपणावरून हटेनात. शेवटी पलीकडून अण्णांचा आवाज आला, नेहमीपेक्षा चढा.

"टायगर, तेका सांग, हिरो डावरो नव्हतो. तूच पडद्याच्या मागे आवशीवांगडा बसा होतस, म्हणान!"

दोघे लहान असताना जत्रेच्या माळावर तंबूतला सिनेमा येई. पडदा मधोमध टांगलेला असे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत, पडद्याच्या मागल्या बाजूला बायका. मागून बघणाऱ्याला सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसे. अण्णा बापाबरोबर पुढे बसत. तात्या तेव्हा एवढेसे, आईच्या मांडीवर, मागे. जन्मभर ज्या नायकांना ते डावरे समजत आले, ते सगळे त्या मांडीवरून पाहिलेले होते.

मला हसू आवरेना. तात्यांना मात्र ते लागलं. नायक झाडाभोवती रेंगाळत राहिला, तरी त्यांनी त्याला पुढे सरकायला सांगितलं नाही. मग अगदी हळू, गडग्यापलीकडे जाणार नाही एवढ्याच आवाजात मला म्हणाले, "आवस जे बाजूक घेवन बसली, ती खोटी कशी आसतली, मास्तर?"

असं चाललं असताना अण्णांची मुलगी सुनंदा कोल्हापूरहून आली. ती बापाला कायमचं न्यायला आली होती. एकट्या आंधळ्या माणसाने किती दिवस काढायचे, हे तिचं म्हणणं खरंच होतं. ती दाराला लावायला नवं कुलूप घेऊन आली. टायगरची सोय तिने दोन घरं पलीकडे करून ठेवली. गुरुवारी जेवणं झाल्यावर निघायचं ठरलं.

तात्यांना हे कुणी सांगितलं नाही. आमच्या वाडीत सांगावं लागत नाही. बुधवारी ते मला एवढंच म्हणाले, "घाटार ताजो बांगडो गावता काय हो, मास्तर?"

"बाजारात मिळतो. बर्फातला."

"बर्फातलो," तात्या म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज इतका वाढवला, की शालिनीकाकी झोपेतून उठून बाहेर आली. तात्या घाम पुसत ओरडत होते. नायकाचा शर्ट कसला, नायिकेने केस कसे बांधलेत, मागच्या भिंतीवर घड्याळ कुठे लटकलंय, एकही वस्तू ते सोडत नव्हते. त्यांच्या गळ्याच्या शिरा तटतटलेल्या पाहून मला भीती वाटली.

"तात्या, जरा हळू. मला दिसतंय सगळं."

तात्या माझ्याकडे वळले. इतकं रागावलेलं मी त्यांना त्या कोयत्यांच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

"तुमका दिसता ता माका म्हायत आसा. गप ऱ्हवा."

मी पहिल्यांदाच गडग्यापलीकडे नीट बघितलं. अण्णांची खुर्ची गडग्याला टेकली होती. मान आमच्या बाजूला कलती, डोळे मिटलेले, आणि तात्या जे जे सांगत होते त्यावर ओठ हलत होते. आतला टीव्ही पडवीत कधी आला, ते मग मी शालिनीकाकीला विचारलं.

"भावजींची नजर गेली तेवा," ती म्हणाली. "माका म्हणाले, भुतूर उकाडता."

गुरुवारी तात्यांनी असा सिनेमा लावला जो त्यांनी माझ्यासमोर कधीच लावला नव्हता. दोन भावांची गोष्ट. थोरला रागावून घर सोडतो, धाकट्याला उशिरा कळतं, तो स्टेशनकडे धाव घेतो. मी तो पाहिलेला नव्हता. "टिंग टिंग" न म्हणताच तात्यांनी बटण दाबलं.

पलीकडे सामान गाडीत चढत होतं. डिकी दोनदा आपटल्याचा आवाज आला. दाराला कुलूप लागलं. तात्या ओरडत होते आणि मतं अजिबात देत नव्हते. जे दिसेल तेवढंच, भरभर सांगत होते. अण्णांनी टायगरकरवी एकही दुरुस्ती पाठवली नाही. धाकटा भाऊ टांग्यात बसला. घोडा उधळला. आणि लाईट गेली.

पंखा थांबला. सगळ्या वाडीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत फक्त सुनंदाच्या गाडीचं इंजिन ऐकू येऊ लागलं. तिने ते सुरू केलं होतं.

"अण्णा, चला ना," ती म्हणाली. "घाट उजेडात चढायला हवा."

"थांब गो," अण्णा म्हणाले. "पिक्चर संपाक नाय."

तात्या उठले. रिमोट त्यांच्या हातातच होता. ते काळ्या पडलेल्या टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले, आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात पुढे सांगू लागले.

"टांगो स्टेशनार इलो! धाकटो उडी मारता! धावता! फलाटार ही गर्दी! हमाल... ट्रंका... गाडी लागलेली आसा! शिटी झाली! धाकटो एकेक खिडकी बघता! खंय दिसणा नाय... खंय दिसणा नाय..."

त्यांचा आवाज चिरकला.

"दिसलो! थोरलो दिसलो! खिडकीत बसलो आसा! तेणा पण बघलो! उठता... ट्रंक उचलता... खाली उतारता! गाडी सुटली, पण तो खाली उतारलो! दोघव फलाटार उभे! दोघव..."

मला ते खरं वाटलं. सिनेमांचे शेवट असेच असतात, असं मी समजत होतो.

"बाबल."

हाक टायगरला नव्हती. तात्या वळले. गडग्यापलीकडे अण्णा उभे होते, दोन्ही हात दगडांवर, तोंड तात्यांच्या बाजूला, पण नेमकं तात्यांवर नाही.

"खोटा कित्याक सांगतस? तो उतरना नाय. धाकटो पोचता तवसर गाडी जाता."

शालिनीकाकी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी उठलो होतो, का ते मला माहीत नाही.

तात्या पायऱ्या उतरून गडग्यापाशी गेले. आयुष्यभर भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला त्यांचा आवाज आता जेमतेम त्या भिंतीपलीकडे गेला.

"गाडी जाता, ता माका म्हायत आसा रे," ते म्हणाले. "थांबता काय, ता बघलंय."

सुनंदाने इंजिन बंद केलं. अण्णा त्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.