तात्यांच्या गाडीचा आरसा

आमच्या गल्लीत सकाळी देवघरातली घंटी दोनदा वाजली, तर ती आरती नसते. ती डबल बेल असते. रंगनाथतात्यांची कर्जत-खर्डा, मिरजगावमार्गे, सुटलेली असते.

गाडी म्हणजे कॉम्प्युटर. तात्या जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर माणूस शेतात लक्ष घालतो, नाहीतर चार टाळकी जमवून गावाचं वाटोळं कुणी केलं ते सांगत बसतो. तात्यांनी बस चालवायचा गेम धरला. लेक सुनंदा पुण्याला नोकरीला गेली, तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर इथंच राहिला. तिनंच गंमत म्हणून टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग धाडलं, पायाखाली ठेवायचे ब्रेक धाडले. पोरीला वाटलं, बाबा दोन दिवस खेळतील. बाबा दुसऱ्या दिवशी खाकी शर्ट घालून ड्युटीवर हजर!

थट्टा नाही. शर्टाला इस्त्री. कॅबिनेटला लिंबू-मिरची. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावणार, घसा साफ करणार, आणि मग नुसते बसून राहणार. का? तर बेल झाली नाही. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत असतात, देवघरातली घंटी ओट्यावर ठेवलेली असते. त्या पिठाच्या हातानं दोनदा घंटी हलवणार, तेव्हा गाडी हलणार. एकदा दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि काकूंनी घंटी लपवली. दुपारपर्यंत गाडी स्टँडवर उभी!

"काय तात्या, आज निघाला नाहीत?" मी विचारलं.

"कंडक्टर संपावर हाय," तात्या हळूच म्हणाले.

गेम परदेशातला. डोंगर, चर्च, लाल कौलांची घरं. तात्यांना त्याचं काही नाही. एक जुना किल्ला लागतो, आपल्या खर्ड्याला आहे तसाच, तो आला की खर्डा आलं. तिथले लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाड्या चालवतात, हेही तात्यांना मान्य नाही. ते आपले डावीकडूनच जाणार. समोरून येणारी प्रत्येक गाडी अंगावर येते, गेम दंडावर दंड लावतो, आणि तात्या खिडकीतून डोकं काढल्यासारखे ओरडतात, "आरं ए, बाजू सोड की! लायसन कुनी दिलं रं तुला?"

आता यात मी कुठून आलो? माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात प्रिंटर आहे, म्हणजे सलीमला कॉम्प्युटरातलं सगळं कळतं, अशी गावाची खात्री. मी ती मोडत नाही. धंदा आहे.

पहिल्यांदा तात्यांनी मला बोलावलं तेव्हा गेम नुसते गचके खात होता. मशीन जुनं, त्यातलं चित्र काढणारं कार्ड त्याहून जुनं. मी सेटिंगमध्ये शिरलो आणि दिसेल ते बंद करत सुटलो. सावल्या बंद, झाडांची पानं बंद, प्रवासी बंद, आरसे बंद. तेव्हा कुठं गाडी हलली. मी मोठ्या ऐटीत हात झटकले. तात्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सलीम, आरसा काळा हाय."

"बंद केलाय तात्या. मागं बघून करायचंय काय? तुम्हाला पुढं जायचंय ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना ब्रेक काढून टाकायला सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर स्क्रीनच्या वर खिळा ठोकून दाढीचा आरसा तिरका टांगलेला. त्यात मागची खोली दिसायची. कॉट, सुनंदाच्या खोलीचं लावलेलं दार, आणि स्वयंपाकघराची चौकट.

"बिनआरशाची गाडी डेपोच्या भायेर काढत न्हाईत," तात्या म्हणाले.

पण त्यांचं समाधान होईना. गेममध्ये स्टॉप आला की दार उघडायचं, पायांचा आवाज यायचा, तिकिटाचं मशीन टुणटुण वाजायचं, कोपऱ्यात प्रवाशांचा आकडा वाढायचा, आणि बाकडी सगळी मोकळी. काकू म्हणायच्या, "भुतं वाहत्यात हे. घरात एकटीनं बसायची चोरी!" तात्या मात्र रोज माझ्या दुकानावर यायचे, गिऱ्हाइकं बाजूला सारायचे आणि विचारायचे, "आरसा कवा?"

शेवटी मी कंटाळून सांगितलं, "तात्या, नवीन ग्राफिक्स कार्ड घालावं लागेल." झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या मिरजगावला कळलं की तात्या इंजिन बदलणार.

कार्ड आणायला आम्ही दोघं नगरला गेलो. विटेएवढं जड, त्याला दोन पंखे. येताना तात्यांनी ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि बरोबर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. नगरपासून मिरजगावपर्यंत त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला सुख नाही. "गिअर टाक, गिअर टाक. आरं, खड्डा! दिसंना का तुला?" मिरजगाव आलं तेव्हा त्या ड्रायव्हरनं आम्हाला उतरवायला स्वतः दार धरलं.

घरी येऊन कॅबिनेट उघडलं, तर कार्ड लांब आणि जागा आखूड. आतला एक पत्र्याचा कप्पा मधे येत होता. मी कपाळाला हात लावला. तात्या उठले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले.

"अहो तात्या! कीस आत पडला तर सगळं जळेल!"

"मग कापड धर की. बघतुयास काय?"

काकूंचं जुनं लुगडं मी आत धरलं आणि डोळे मिटले. पण कप्पा निघाला, कार्ड बसलं, बटण दाबलं आणि पंखे फिरले! काकू भाकरी तव्यावर टाकून घंटी घेऊनच बाहेर आल्या. मी बंद केलेलं सगळं परत चालू केलं. डबल बेल झाली.

काय सांगू! रस्त्यावर झाडांच्या सावल्या, ढग, पाण्यात पडलेलं ऊन. मी तर लहान पोरासारखा टाळ्या पिटत होतो. पहिला स्टॉप आला. दार उघडलं. गाडीच्या आरशात दोन-तीन डोकी दिसली आणि तात्या खुर्चीतून अर्धे उठले.

"दिसली! सलीम, मानसं दिसली!"

आणि फट्. सगळं काळं. पंखे थांबले.

"गरम झाली," तात्या म्हणाले. "चढाला पानी मागती." त्यांनी टेबलफॅन आणून लावला. ओला टॉवेल टाकायला निघाले, तो मी हिसकावून घेतला. परत चालू केलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास. स्टॉप आला, माणसं चढायला लागली, फट्. आणखी एकदा केलं. तेच. गर्दी झाली की मशीन मान टाकायचं.

तात्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. "न्हाई झेपत तिला," ते म्हणाले. "वय झालंय आता. नगं ओढू तिला." आणि खाकी शर्टाची बटणं काढायला लागले.

ते मला बघवेना. मी बाहेर येऊन नगरच्या दुकानदाराला फोन लावला.

"एसएमपीएस कोणता आहे?" त्यानं विचारलं. म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. मी आत जाऊन त्याच्यावरचं लेबल वाचून दाखवलं. तिकडून हसण्याचाच आवाज. "अहो, तो मशीनबरोबरचा जुनाच आहे! कार्डाला काम पडलं की त्याला दम पुरत नाही. मोठा घाला."

मी ओरडतच आत आलो. "तात्या, गाडी म्हातारी नाही झाली! तिला डिझेल कमी पडतंय!"

तात्यांनी शर्ट परत चढवला. बटणं खालीवर लागली, त्याचंही भान नाही. पायात चपला सरकवत म्हणाले, "नगरची गाडी यील आता. चल!"

"अहो, जेवून तरी जा," काकू ओरडल्या. कोण ऐकतंय!

नवा डबा दुसऱ्या दिवशी सकाळी बसवला. तो नीट बसला, पण त्याच्या वायरी इतक्या की कॅबिनेटचं दार लागेना. तात्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून सगळं आवळून टाकलं. लिंबू-मिरची नवीन. काकूंनी दोनदा घंटी वाजवली आणि आत गेल्या, तव्यावर भाकरी होती.

गाडी निघाली. सावल्या, ढग, सगळं होतं, पण मी श्वास धरून स्टॉपची वाट बघत होतो. स्टॉप आला. दार उघडलं. टोपीवाला एक म्हातारा चढला. पोराला कडेवर घेतलेली बाई चढली. पिशव्या घेतलेल्या दोघी चढल्या. मशीन बंद पडलं नाही. माणसं बाकड्यांवर जाऊन बसली. मी उडीच मारली. "जमलं! तात्या, जमलं!"

तात्या हलले नाहीत. गाडी उभीच. ते आरशात बघत होते, एकेका बाकड्यावर नजर फिरवत. मग त्यांनी कॉलर नीट केली.

"एवढे दिस मोकळी गाडी पळवत हुतो, सलीम."

"मोकळी कशी? आकडा तर दिसत होता."

"आकड्याला तोंड असतंय व्हय?" त्यांचा आवाज बारीक झाला. "आख्ख्या नोकरीत कुनी वळून माझ्याकडं बघितलं न्हाई. उतरायचं आन जायचं. त्याचं काय न्हाई. पर मी बघायचो. कोन झोपलंय, कोन माहेराला निघालंय, कोन रडतंय. आरशात मानसं असली की मला बरं वाटायचं. घरी बसलो आन आरसाच गेला बघ."

मी उगाच काहीतरी काम काढलं. स्क्रीनवर टांगलेल्या दाढीच्या आरशाला हात घातला. "आता याचं काय काम? काढतो."

"हात नगं लावू," तात्या एकदम म्हणाले.

"अहो, गाडीचा आरसा लागला की आता."

"त्यात पॅसेंजर दिसत्यात." त्यांनी मान वर करून दाढीच्या आरशात बघितलं. त्यात स्वयंपाकघराची चौकट होती, आणि चौकटीत पाठमोऱ्या काकू, भाकरी उलटत होत्या. "ह्यात कंडक्टर दिसती."

काकूंनी मागं वळून बघितलं नाही. पिठाचा हात पदराला पुसला, घंटी उचलली आणि दोनदा वाजवली.