मुळेमॅडमची कवायत

एका दुपारी आमच्या शाळेच्या पी.टी. शिक्षिका मुळेमॅडम दुसरीतल्या एका मुलीच्या हुकमावरून चालायला लागल्या, त्या फाटकाबाहेर गेल्या आणि समोरच्या शेव-नमकीनच्या दुकानावर जाऊन थडकल्या. मुलगी फक्त "आगे चलो" म्हणाली होती. किती पावलं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

"समजलं?" त्या तिथूनच ओरडल्या. "अधुरी आज्ञा दिली तर मशीन अशीच जाते! पूरा बोलो!"

दुकानदार घाबरून म्हणाला, "मॅडमजी, कितना तोलूं?"

"देखा! याला येतं कोडिंग!"

मी साताऱ्याहून इंदूरला गणित शिकवायला आलो, त्याच वर्षी शाळेत तळहाताएवढ्या सहा गाड्या आल्या होत्या. पाठीवर बाणांची बटणं. जितकी पावलं हवीत तितक्यांदा बाण दाबायचा, वळायचं असेल तर आडवा बाण, शेवटी हिरवं बटण. मग गाडी सांगितल्यासारखी चालते. छोट्या मुलांना कोडिंगची तोंडओळख व्हावी, हा हेतू. पण कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेलेले, आणि मुख्याध्यापिकांची नजर माझ्याकडे वळायच्या आत मुळेमॅडमनी हात वर केला.

"तीस साल झाले, मी पोरांना प्रोग्रामच देतेय. सावधान, विश्राम, दाहिने मुड. पोरं तरी मधेच खाजवतात, गाडी बिलकुल नाय खाजवणार."

प्रोग्रामला त्या कवायत म्हणायच्या. मैदानावर खडूनं चौकोन आखून आधी स्वतः गाडी व्हायच्या, मुलं हुकूम द्यायची. मुलं चुकली की मॅडम शांतपणे भिंतीला नाक लावून उभ्या राहायच्या. स्टाफरूममध्ये कुणी "चहा?" एवढंच विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. "किती कप, किती शक्कर? पूरा बोला हो भिया."

गाडीला दोष देणं मात्र सक्त मना. एकदा एक मुलगा "ये तो पागल है" म्हणाला, तर त्याला गाडीची माफी मागायला लावली. "तू सांगितलं तेच तिनं केलं ना? माणसं करतात का असं कधी?" मुलगा हसला. मीही हसलो होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून मी मल्हारगंजात त्यांच्या घरी गेलो. त्या एकट्याच राहतात, एवढं ऐकून होतो. दार अर्धं उघडं होतं. हाक मारणार, तेवढ्यात आतून बारीक, पोरकट आवाज आला, "यस मॅडम!"

मी डोकावलो. पुढच्या खोलीच्या प्रत्येक फरशीवर खडूनं एकेक नाव लिहिलेलं. दुसरीचा अख्खा वर्ग. मॅडम वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसल्या होत्या आणि शाळेची एक गाडी घरघरत एका नावावरून दुसऱ्या नावावर जात होती. गाडी थांबली की मॅडम नाव पुकारायच्या आणि मग आवाज बदलून स्वतःच हजेरी द्यायच्या.

माझ्या चपलेचा आवाज झाला. त्या दचकल्या. जवळचं एक नाव त्यांनी पटकन पायानं पुसलं.

"बंद ठेवल्या की खराब होतात हो गाड्या," त्या म्हणाल्या.

"हो. चालवायलाच पाहिजेत."

त्यांनी सही केली. मी कागदाची घडी घातली. संध्याकाळच्या गाडीनं मला साताऱ्याला जायचं होतं, सामान बांधायचं राहिलं होतं.

"ऐकलंत ना?" त्यांनी एकदम विचारलं.

"ऐकलं."

"काय करू? शाळा उघडायला सव्वीस दिवस आहेत अजून. दोन्ही बाजूंनी मीच बोलते, घसा दुखतो यार."

मी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून फरशीवर बसलो. मॅडमनी पुसलेलं नाव खडूनं पुन्हा लिहिलं आणि हिरवं बटण दाबलं. गाडी घरघरत निघाली, थांबली. त्यांनी नाव पुकारलं.

"यस मॅडम," मी म्हणालो.